गृहकर्जातील एलटीव्ही : बँक कोणत्या किमतीवर किती कर्ज देते

घराच्या किमतीपैकी जास्तीत जास्त किती टक्के रक्कम कर्ज म्हणून मिळू शकते, हे एलटीव्ही म्हणजेच कर्ज-मूल्य गुणोत्तरावरून ठरते. भारतात त्याच्या मर्यादा रिझर्व्ह बँकेने घालून दिल्या आहेत. ३० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ९० टक्के, ३० लाखांपेक्षा जास्त आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जासाठी ८० टक्के, आणि त्यापुढील कर्जासाठी ७५ टक्के अशा त्या मर्यादा आहेत. ‘नव्वद टक्के लोन होईल’ असे एजंट सर्रास सांगत असला, तरी पुण्या-मुंबईतील बहुतेक घरांना तो टप्पा लागूच होत नाही.

हे टप्पे घराच्या किमतीवर नव्हे, तर कर्जाच्या रकमेवर बेतलेले आहेत, आणि त्यामुळे एक विचित्र परिणाम होतो. घराचे मूल्य साधारण ३३ लाख ३३ हजार असेल, तर ९० टक्क्यांच्या हिशेबाने ३० लाखांचे कर्ज बसते. घर ३७ लाख ५० हजारांचे असले, तरी ८० टक्क्यांनी तेच ३० लाख येतात. या दोन आकड्यांच्या मधल्या घरांवर कर्जाची कमाल रक्कम ३० लाखांवरच अडकून राहते आणि वाढीव किमतीचा प्रत्येक रुपया खरेदीदाराला स्वतः उभा करावा लागतो. ९३ लाख ७५ हजार ते एक कोटी या पट्ट्यातही हेच घडते, कारण तेथे कर्ज ७५ लाखांपुढे सरकत नाही. आपले घर अशा पट्ट्यात येत असेल, तर भाव करताना विक्रेत्याकडून सुटलेले लाखभर रुपये थेट आपल्या खिशातले वाचतात.

टक्केवारीपेक्षा महत्त्वाचा प्रश्न मात्र वेगळा आहे : ही टक्केवारी नेमकी कोणत्या किमतीवर काढली जाते? एकाच घराला एकाच वेळी तीन किमती असतात. एक करारनाम्यात लिहिलेली, दुसरी सरकारी रेडी रेकनरची, म्हणजे सरकारने भागानुसार ठरवलेल्या दरपत्रकाची, आणि तिसरी बँकेच्या मूल्यांककाने ठरवलेली. मुद्रांक शुल्क करारातील किंमत आणि रेडी रेकनर यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर भरावे लागते. कर्जासाठी मात्र बँका सहसा करारातील किंमत आणि मूल्यांककाचा आकडा यांपैकी जी कमी असेल ती धरतात. सरकार वरचा आकडा पाहते, बँक खालचा, आणि मधली तफावत खरेदीदाराच्या माथी येते.

पुणे महापालिका हद्दीतील एका रिसेल फ्लॅटचा हिशेब मांडून पाहू. करार ८० लाखांचा आहे, रेडी रेकनरने मूल्य ८२ लाख येते आणि मूल्यांककाने ७४ लाख लावले आहेत. खरेदीदाराने मनाशी ८० लाखांच्या २० टक्के, म्हणजे १६ लाखांची तयारी ठेवलेली असते. प्रत्यक्षात कर्ज ७४ लाखांच्या ८० टक्के, म्हणजे ५९ लाख २० हजार मिळते आणि स्वतःचा हिस्सा २० लाख ८० हजारांवर जातो. त्यात ८२ लाखांवर ७ टक्के दराने ५ लाख ७४ हजारांचे मुद्रांक शुल्क आणि ३० हजारांची नोंदणी फी मिळवली, की गरज २६ लाख ८४ हजारांची होते. दलाली आणि सोसायटीची हस्तांतरण फी यात अजून धरलेलीच नाही. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च कर्जासाठीच्या किमतीत मिळवता येत नाही. घराची किंमत १० लाखांपेक्षा जास्त नसेल, तरच त्याला सूट आहे. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत मिळते, आणि वरच्या उदाहरणात ती ८२ हजारांची होते.

मूल्यांककाचा आकडा कमी येण्यामागे बहुधा ठरलेली कारणे असतात. बंदिस्त केलेली गॅलरी किंवा खोलीत घेतलेली टेरेस विक्रेता क्षेत्रफळात मोजतो, तर मूल्यांकक मंजूर नकाशातील चटई क्षेत्र मोजतो. इमारतीचे वय, भोगवटा पत्राचा (इमारत राहण्यायोग्य असल्याच्या पालिकेच्या दाखल्याचा) अभाव आणि वाढीव बांधकाम यांमुळेही मूल्य घटते. म्हणून इसार देण्यापूर्वी मंजूर नकाशाची प्रत मागून घ्यावी, आणि शक्य असल्यास बँकेकडून कागदपत्रांची तपासणी व मूल्यांकन आधीच करून घ्यावे. विक्रेता त्याआधी इसारासाठी घाई करत असेल, तर मूल्यांकन ठरावीक रकमेपेक्षा कमी आल्यास इसार परत मिळेल, अशी अट इसार पावतीत लेखी घालून घ्यावी. तोंडी आश्वासनाला येथे काहीही किंमत नाही.

काही रक्कम रोखीने देऊन करारातील आकडा कमी दाखवण्याचा प्रस्ताव आला, तर तो बेकायदेशीर तर आहेच, शिवाय कर्जही त्या घटलेल्या आकड्यावरच मिळते आणि रोखीचा सगळा भार पुन्हा आपल्यावरच पडतो.

एलटीव्ही ही कमाल मर्यादा आहे, तेवढ्या कर्जावर अर्जदाराचा हक्क नाही. उत्पन्न, चालू हप्ते आणि वय पाहून बँक परतफेडीची क्षमता वेगळी काढते आणि दोन्हींपैकी कमी रक्कम मंजूर करते. स्वतःचा हिस्सा भरण्यासाठी वैयक्तिक कर्ज काढल्यास त्याचा हप्ता याच क्षमतेतून वजा होतो, म्हणजे एका बाजूने भरलेले भगदाड दुसऱ्या बाजूने उघडे पडते. गुणोत्तर ८० टक्क्यांच्या वर गेले, की बँकेलाही त्या कर्जापोटी अधिक भांडवल राखून ठेवावे लागते, आणि काही ठिकाणी त्याचा परिणाम व्याजदरात दिसतो. दोन-तीन ठिकाणी दर विचारताना ‘८० टक्क्यांच्या आत कर्ज घेतले तर दर किती?’ हेही विचारावे.

कर्ज मंजूर झाल्यावर बँक सहसा आधी आपला हिस्सा भरल्याचा पुरावा मागते आणि मगच धनादेश काढते. बँकेतील भाषेत या पुराव्यालाच ओसीआर (ओन कॉन्ट्रिब्युशन रिसीट) म्हणतात. त्यामुळे मुदत ठेव मोडणे किंवा भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढणे ही कामे नोंदणीच्या तारखेच्या पुरेशी आधी उरकावीत, आणि विक्रेत्याला दिलेली प्रत्येक रक्कम बँक खात्यातूनच द्यावी, म्हणजे पावतीसोबत खातेउताराही जोडता येतो.