पट्ट्यांमधील फटीचा हिशेब: दुतर्फा सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टर तपासताना

सिलिकॉन स्ट्रिप डिटेक्टर म्हणजे कणांची ऊर्जा आणि जागा मोजणारी सिलिकॉनची पातळ चकती; तिच्या पृष्ठभागावर प्रभार गोळा करणाऱ्या पट्ट्या असतात, दुतर्फा प्रकारात पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही बाजूंना. तिच्या आराखड्यात दोन पट्ट्यांमधील फट एखाद्या बारीक रेघेएवढी दिसते, आणि तिथे पडलेला कण वाया गेला, एवढाच काय तो तोटा, अशी नवख्याची समजूत होते. प्रत्यक्षात फटीखालचे सिलिकॉनही जिवंत असते. तिथेही सरासरी ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेमागे इलेक्ट्रॉन आणि होल (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी वागते) यांची एक जोडी तयार होते. फक्त तो प्रभार कोणत्या पट्टीवर, किती आणि कोणत्या चिन्हाने नोंदला जाईल, याची खात्री राहत नाही.

तोटा किती, हे आधी कागदावर पाहावे. दोन्ही बाजूंना ३.१ मिमी अंतराने (एका पट्टीच्या मध्यापासून पुढच्या पट्टीच्या मध्यापर्यंत) पट्ट्या आणि मध्ये ०.१ मिमी फट असेल, तर एका बाजूला सुमारे ३.२ टक्के आणि दोन्ही बाजू धरून सुमारे ६.४ टक्के कण कुठल्या ना कुठल्या फटीत पडतात. दोन कण एकाच वेळी नोंदवायचे असतील, तर जवळपास १२ टक्के घटनांत निदान एक कण फटीत सापडतो. एवढ्या घटना डोळे झाकून टाकून देणे परवडत नाही.

मोजणीसाठी अमेरिसियम-२४१ हा अल्फा स्रोत सोयीचा आहे. त्याच्या मुख्य अल्फा कणाची ऊर्जा ५.४८६ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते आणि तो सिलिकॉनमध्ये सुमारे २८ मायक्रोमीटरवर थांबतो, म्हणजे पृष्ठभागाजवळच्या गडबडी त्याच्या नोंदीत ठळक उमटतात. डिटेक्टर निर्वात आणि अंधाऱ्या कक्षात ठेवावा, पूर्ण डिप्लीशनला (सिलिकॉनच्या सगळ्या जाडीतून मुक्त प्रभार हटण्याला) लागतो त्यापेक्षा थोडा अधिक बायस, म्हणजे बाहेरून दिलेला विद्युतदाब, द्यावा आणि गळती-प्रवाह स्थिरावेपर्यंत थांबावे. एका बाजूची एकच पट्टी आणि दुसऱ्या बाजूची एकच पट्टी यांवर स्पंद आलेल्या घटना वेगळ्या काढून, त्यांवरून सर्व पट्ट्यांचा गेन (स्पंद किती पटीने वाढतो ते प्रमाण) जुळवून घ्यावा. ही पायरी गाळली, तर पुढच्या आलेखात गेनमधील फरकच फटीचा परिणाम म्हणून दिसू लागतो.

आता शेजारच्या दोन पट्ट्यांच्या ऊर्जा एकमेकींसमोर मांडाव्यात. प्रभार दोघींत वाटला गेला असेल, तर ठिपके एका अक्षावरील पूर्ण ऊर्जेपासून दुसऱ्या अक्षावरील पूर्ण ऊर्जेपर्यंत जाणाऱ्या तिरप्या रेषेवर पडतात, आणि त्यांची बेरीज निर्धास्तपणे घेता येते. काही ठिपके मात्र त्या रेषेच्या आत घसरतात, तर काहींत एका पट्टीवर धन आणि शेजारणीवर ऋण स्पंद येतो. ऋण स्पंद हा इलेक्ट्रॉनिक्समधला दोष समजून आठवडाभर केबल बदलत बसणारे मी पाहिले आहेत. मूळ कारण बहुतेकदा फटीवरच्या सिलिकॉन डायऑक्साइडच्या थरात असते. त्या थरातील धन प्रभारामुळे त्याखाली इलेक्ट्रॉन जमतात. कणाने निर्माण केलेले काही इलेक्ट्रॉन तिथेच अडकतात, होल मात्र जवळच्या पट्टीकडे निघून जातात, आणि अडकलेल्या इलेक्ट्रॉनांमुळे शेजारच्या पट्टीवर उलट्या चिन्हाचा प्रभार प्रेरित होतो.

इथे एक भरवशाची कसोटी हाताशी आहे. सर्व इलेक्ट्रोडांवर प्रेरित झालेल्या प्रभारांची बेरीज शून्य असावी लागते, म्हणून पुढच्या पट्ट्यांची चिन्हासकट बेरीज मागच्या बाजूच्या ऊर्जेशी जुळली पाहिजे. दोन्ही बाजू सारख्याच कमी भरल्या, तर प्रभार खरोखर अडकला आहे. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त भरली, तर शेजारचा ऋण स्पंद नोंदलाच गेलेला नाही, असा पहिला संशय घ्यावा. केवळ धन स्पंदांचे शिखर मोजून त्याचा आकडा देणारा परिवर्तक हा प्रकार सहज झाकतो. तेव्हा निदान चाचणीपुरता तरी दोन्ही चिन्हे नोंदवणारा डिजिटायझर (स्पंदाचा पूर्ण आकार आकड्यांत टिपणारे उपकरण) लावावा आणि नोंदीची किमान मर्यादा, विद्युत गोंगाट सांभाळून, शक्य तितकी खाली आणावी.

फटीची परिणामकारक रुंदी काढणे यानंतर सोपे आहे. डिटेक्टरवर कण एकसारखे पडत असताना, एका फटीत पडलेल्या घटनांना एका पट्टी-अंतरातील एकूण घटनांनी भागून त्या अंतराने गुणावे. ३.१ मिमी अंतरात ४ टक्के घटना फटीच्या निघाल्या, तर रुंदी ०.१२४ मिमी येते. आराखड्यात ०.१ मिमी लिहिले असले, तरी विश्लेषणात हीच मोजलेली रुंदी वापरावी. ती कणाचा प्रकार, त्याची ऊर्जा आणि बायस यांप्रमाणे बदलते, म्हणून बायसच्या तीन-चार पायऱ्यांवर मोजणी पुन्हा करावी. मागच्या ओहमिक (पी-एन संधी नसलेल्या) बाजूला एन-प्रकारच्या पट्ट्या असतील, तर तिथे जमलेले इलेक्ट्रॉन पट्ट्या एकमेकींना जोडून टाकतात. त्या एकमेकींपासून तोडण्यासाठी मध्ये पी-स्टॉप (पी-प्रकारच्या सिलिकॉनचे अडसर) घातलेले असतात आणि डिप्लीशन तिथवर पोहोचेपर्यंत त्या बाजूची मोजणी ग्राह्य धरू नये.

मग फट अरुंदच का ठेवत नाहीत? कारण पट्ट्या जवळ आल्या की त्यांच्यामधील धारकता वाढते आणि तिच्याबरोबर गोंगाटही. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील सीएमएस प्रयोगाच्या ट्रॅकरमध्ये (कणांचा मार्ग टिपणाऱ्या भागात) पट्टीची रुंदी पट्टी-अंतराच्या सुमारे पावपट ठेवली आहे. तिथे कण आरपार जातो, प्रभाराचे वाटप स्थान ठरवायला उपयोगी पडते, आणि ऊर्जा अचूक मोजण्याचा आग्रह नसतो. त्याच प्रयोगाच्या प्रीशॉवर या ऊर्जामापकापुढच्या भागासाठी बीएआरसीच्या (भाभा अणुसंशोधन केंद्राच्या) सहभागाने भारतातही सेन्सर तयार झाले, त्यांत १.९ मिमी अंतराने ३२ पट्ट्या होत्या. तेव्हा ट्रॅकरसाठी लिहिलेले नियम ऊर्जा मोजणाऱ्या डिटेक्टरला जसेच्या तसे लावू नयेत.

मोजलेल्या प्रत्येक रुंदीशेजारी नोंदवहीत बायस, गळती-प्रवाह, तापमान आणि कण कोणत्या बाजूने आत शिरला, हे लिहावे. डिटेक्टरला बराच किरणोत्सर्ग पोहोचला की ऑक्साइडमधील प्रभार वाढतो, आणि तेव्हा जुन्या आकड्यांशी तुलना करायला हीच नोंद कामी येते.