रेडियमच्या दुकानात नवीन लागलायस? मग हे वाच

दरवर्षी गणपतीच्या तोंडावर आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या दुकानात एक-दोन नवीन पोरं कामाला येतात, आणि सगळ्यांना वाटतं की स्टिकर कापायचं मशीन, म्हणजे प्लॉटर, चालवता आलं की काम आलं. मशीन चार दिवसात येतंय भावा. माल वाया जातो तो मशीनच्या आधी नाहीतर मशीनच्या नंतर, म्हणून तेवढंच लिहितोय.

आधी माप. उद्यमनगरातला फॅब्रिकेटर फूट आणि सुतात बोलतो, कोरल, म्हणजे आपलं डिझाईनचं सॉफ्टवेअर, मिलिमीटरमध्ये बोलतं, आणि मध्ये तू. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण सव्वातीन मिलिमीटर. फोनवर कोण "तीन चार" म्हणाला तर तीन फूट चार इंच का तीन फूट चार सूत हे परत विचार, लाज वाटू देऊ नको. मी विचारलं नव्हतं, साडेतीन इंच जास्तीचा बोर्ड झाला, शटरच्या वर बसेना. आणि भिंत कधीच सरळ नसते, वर-मध्ये-खाली तीन ठिकाणी मोजायचं आणि सगळ्यात कमी निघेल ते धरायचं.

मग मजकूर. गिऱ्हाईक व्हॉट्सॲपवर जे टाकतंय ते जसंच्या तसं टाईप करायचं नाही, आणि स्वतःच्या मनानं बदलायचं पण नाही, शंका आली की विचारायचं. "कोल्हापुर" नाही "कोल्हापूर", पू दीर्घ, ही चूक तर आपल्याच गावात दर दहा पावलांवर दिसते. फायनल डिझाईन पाठवून "ओके" असं लिहून घ्यायचं, फोनवर हो म्हणाला ते धरायचं नाही. आणि जुनी फाईल उघडून त्यावरच नवीन काम करायची सवय लावून घेऊ नको. एकदा रात्री अकराला श्रद्धांजलीचा फ्लेक्स आला, मी घाईत वाढदिवसाची फाईल उघडून फोटो बदलला, नाव बदललं, काळी बॉर्डर मारली, आणि नावाच्या आधीचं "चि." तसंच राहिलं. सकाळी घरच्यांच्या आधी मालकांनी बघितलं म्हणून वाचलो. तेव्हापासून मजकूर उलटा वाचतो, शेवटच्या शब्दापासून पहिल्याकडं, मग डोळा फसत नाही.

आता मराठी अक्षर कटिंगला टाकताना एक गोष्ट आहे जी इंग्रजीवाल्या व्हिडीओत कुणी सांगत नाही. आपली अक्षरं शिरोरेषेला टांगलेली असतात आणि फॉन्टमध्ये एका अक्षराची रेघ शेजारच्यात थोडी घुसवलेली असते, वेलांटी-मात्रा पण तशाच वरनं चढवलेल्या. स्क्रीनवर काळ्यावर काळं, काही कळत नाही. पण प्लॉटरला रंग दिसत नाही, त्याला फक्त कडा दिसतात, त्यामुळं तो प्रत्येक जोडावर आडवा चिरत जातो आणि सोलताना "महालक्ष्मी"चे तुकडे हातात येतात. म्हणून आधी कर्व्ह (फॉन्टचं अक्षर नुसता आकार करून टाकायचं), मग शब्द सिलेक्ट करून वेल्ड (सगळे तुकडे जोडून एक आकार), मग नुसत्या कडा दाखवणाऱ्या वायरफ्रेममध्ये जाऊन बघायचं की कुठं रेघेवर रेघ राहिलीय का. अनुस्वार बारीक असेल तर थोडा मोठा कर, पाच-सहा मिलिमीटरच्या खाली ठेवलास तर सोलताना तो उडतोय, आणि "अंबाबाई"ची "अबाबाई" होऊन टिंब तुझ्या कोपराला चिकटलेलं सापडतंय. श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टमधली फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडली की इंग्रजी कचरा दिसतो, म्हणून बाहेरनं फाईल मागताना कर्व्ह करूनच मागायची.

ब्लेडचं सोपं आहे. साध्या रेडियमला पंचेचाळीस डिग्रीचं, जाडसर किंवा रिफ्लेक्टिव्हला (उजेड पडला की चमकणाऱ्या मालाला) साठचं. प्रत्येक नवीन रोलला टेस्ट कट मारायचा. फिल्म पूर्ण कापली पाहिजे आणि मागच्या कागदावर नुसता ओरखडा दिसला पाहिजे. कागद फाटला तर प्रेशर जास्त, सोलताना कडा ओढली जात असेल तर प्रेशर कमी किंवा ब्लेड मेलं. (रेडियम नुसतं म्हणायला, त्यात रेडियम काय नसतंय, पीव्हीसीची फिल्म आणि गोंद.)

मालाचं एवढं ध्यानात ठेव. स्वस्त कॅलेंडर्ड माल (रोलरखाली दाबून केलेली फिल्म) सपाट काच, सनबोर्ड (फोमची शीट), एसीपी (ॲल्युमिनियमची शीट) असल्यावर चालतो, पण गाडीच्या खोलगट भागात, रिव्हेटवर तो काही दिवसात आकसून उठतो. तिथं कास्ट फिल्म लागते, ती पातळ, वळणावर बसणारी, महाग असते, आणि ती लावून झाल्यावर खाचांवर हीट गननं परत ताव द्यावा लागतो म्हणजे ती मूळ आकाराकडं ओढ घेत नाही. गिऱ्हाईकाला हा फरक आधीच सांग. सॉल्व्हंट शाईची प्रिंट असेल तर निदान एक दिवस उघडी वाळू दे, मग लॅमिनेशन. ओल्यावर मारलं की आतल्या सॉल्व्हंटला बाहेर पडायला जागा नसते, गोंद मऊ होतो आणि कडा वळतात. आपल्या जुलै-ऑगस्टच्या पावसात तर मागचा कागदच ओल धरतो आणि फिल्म कागदापासनं उचलते. रोल पिशवीत बांधून, उभे ठेवायचे, भिंतीला टेकवून तिरके नाहीत.

चिकटवताना निम्मं काम धुण्याचं. टेम्पो धुऊन आणलाय म्हणतील, तू परत धू. साबणाचं पाणी, कोरडं कापड, शेवटी आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल. रॉकेल मारू नको, तेलकट थर राहतो. ताज्या रंगाच्या बॉडीवर लावायचंच नाही, आठवडाभर थांबायचं. घाई असेल तर एक तुकडा रात्रभर चिकटवून सकाळी बघ, फुगे आले तर रंग अजून वाळतोय. आणि मे महिन्यात दुपारी उन्हातल्या पत्र्याला हात लावून बघ, तुझा हात टिकत नसेल तर गोंद लगेच धरणार, परत उचलता येणार नाही. गाडी सावलीत घे.

मोठी पट्टी असेल तर मधोमध मास्किंग टेपची उभी पट्टी मारून फिक्स करायची, एक बाजू उचलून मागचा कागद सोलायचा, कापायचा, आणि मधनं बाहेर स्क्वीजी (फिल्म दाबून बसवायची पट्टी) ओढत जायचं, मग टेप काढून दुसरी बाजू. काचेवर आणि सपाट पृष्ठभागावर साबणाचं पाणी मारून लावलं तर सरकवायला वेळ मिळतो. रिफ्लेक्टिव्ह मात्र कोरडंच, आणि ताणायचं नाही. त्याचे कोपरे गोल कापले की धुताना उठत नाहीत. ऊसाच्या सिझनला ट्रॉलीच्या मागं लाल पट्टी लावायला येतात, तिथं चिखल खरवडून नीट लाव, अंधारात मागनं येणाऱ्याला तेवढंच दिसतंय.

काढायचं काम आलं तर हीट गन लांबनं, हळूहळू, आणि फिल्म स्वतःवरच दुमडत कमी कोनात ओढायची, झटका द्यायचा नाही. उरलेल्या गोंदाला पेट्रोल वापरणारे आहेत, पण हीट गन गरम असताना पेट्रोलची बाटली उघडणारं पोरगं मी दुकानातनं बाहेर काढतो.

नंबर प्लेट मागायला कोण आलं तर सरळ नाही म्हण. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाडीला एचएसआरपी, म्हणजे सरकारी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट आहे, आणि ४१४१ चं "दादा" करून दे म्हणणाऱ्याचा दंड तो भरेल, पण नाव आपल्या दुकानाचं सांगेल. दुकानाच्या बोर्डावर मात्र मराठी लागतंच, आणि मराठी अक्षर दुसऱ्या भाषेपेक्षा बारीक चालत नाही, डिझाईन करतानाच बघून घे, नाहीतर आख्खा बोर्ड परत.

ॲडव्हान्स निम्मा, मित्र असला तरी. मंडळाचा असला तर जरा जास्तच.

आणि कटरच्या मोडलेल्या पात्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत टाक, टोपण लाव. टेबलाखाली पडलेली एक पाती आमच्या झाडू मारणाऱ्या मावशींच्या तळपायात घुसली होती.