एक्सेलच्या नोंदवहीतून मेल उघडत नाही? या चुका टाळा

कंत्राटाच्या पत्रव्यवहाराची नोंदवही एक्सेलमध्ये ठेवण्याचे काम मी अनेक वर्षे करत आलो आहे. महत्त्वाचा प्रत्येक मेल आउटलुकमधून फाइल म्हणून फोल्डरमध्ये जतन करायचा आणि नोंदवहीत त्या ओळीला त्याची लिंक जोडायची, एवढेच हे काम आहे. तरीही नव्याने रुजू झालेले बहुतेक जण त्याच त्या चुका करतात, आणि त्या उघडकीस येतात नेमका कागद हवा असतो तेव्हा.

सर्वांत महाग पडते ती चूक म्हणजे कंट्रोल-के दाबून एकेक लिंक घालत जाणे. नोंदवही आणि मेलची फाइल एकाच ड्राइव्हवर असली, तर एक्सेल सहसा पूर्ण पत्ता साठवत नाही. नोंदवही जिथे आहे तिथून फाइल कुठे सापडेल, एवढेच साठवते. त्यामुळे नोंदवहीची जागा बदलली की पत्ते चुकतात. आमच्या कार्यालयात एकदा वीज गेली, यूपीएसची बॅटरी उतरलेली होती, आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर एक्सेलने वाचवलेली प्रत एका सहकाऱ्याने मूळ फाइलवरच जतन केली. पुढच्या आठवड्यात लवादासमोर मुदतवाढीचा मेल दाखवायचा होता. लिंक दाबली, तर फाइल उघडता येत नाही असा संदेश आला. माउस लिंकवर नेल्यावर दिसले की पत्ता अ‍ॅपडेटाच्या आतल्या एक्सेलच्या फोल्डरकडे वळला आहे, म्हणजे एक्सेल आपोआप वाचवलेल्या प्रती जिथे ठेवते तिथे. मेल सगळे जागच्या जागी सुखरूप होते, पण सुमारे चारशे लिंकांपैकी एकही चालत नव्हती. शोधा-आणि-बदला ही सोय अशा लिंकांच्या आतल्या पत्त्याला हात लावत नाही. मॅक्रो, म्हणजे असे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम, लिहिता येणारे कोणी नव्हते, म्हणून आम्ही दोघांनी दोन रात्री बसून त्या हाताने दुरुस्त केल्या.

तेव्हापासून मी हायपरलिंक हे फंक्शनच वापरतो. एच-१ या सेलमध्ये फोल्डरचा पूर्ण पत्ता, शेवटच्या उलट्या तिरक्या रेघेसह; बी स्तंभात फाइलचे नाव, एमएसजी या शेपटासह; आणि सी स्तंभात दोन्ही & या चिन्हाने जोडणारे सूत्र, ज्यात एच-१ डॉलरच्या चिन्हांनी पक्का केलेला असतो. फोल्डर हलला तर एकच सेल बदलायचा. हे मांडायला सुरुवातीला दहा मिनिटे लागतात, आणि तेवढी द्यायला तयार नसलेल्या माणसाकडे मी नोंदवही सोपवत नाही.

दुसरी चूक फाइलच्या नावाची. मेलचा विषय जसाच्या तसा नाव म्हणून ठेवला, की ‘बिल #४ बाबत’ अशी नावे तयार होतात. विंडोजला # चालतो, पण लिंकमध्ये त्याच्या पुढचा मजकूर एक्सेल फाइलच्या आतील ठिकाण समजते आणि ‘बिल ’ एवढ्याच नावाची फाइल शोधू लागते. फाइल डोळ्यांसमोर असते, दोनदा टिचकी मारल्यावर उघडतेही, फक्त लिंकवरून उघडत नाही. यात मी एका नवख्या सहकाऱ्याला अख्खी दुपार घालवताना पाहिले आहे. शिवाय एकाच विषयाची पाच उत्तरे एकाच फोल्डरमध्ये टाकताना घाईने ‘बदला’ दाबले, तर आधीचा मेल गेलाच. मी वर्ष-महिना-दिवस, पाठवणाऱ्याचे लघुनाम आणि दोन शब्दांत विषय, असेच नाव देतो: ‘२०२४-०३-१५ ठेकेदार मुदतवाढ’. तारीख नावातच हवी, कारण फाइलवरची ‘बदलल्याची तारीख’ मेलची तारीख नसते.

मेलांचा फोल्डर सर्व्हरवर असेल, तर आपल्या संगणकावर त्याला दिलेल्या झेडसारख्या ड्राइव्ह-अक्षराचा पत्ता देऊ नका. शेजारच्या संगणकावर तोच फोल्डर वाय असू शकतो. सर्व्हरच्या नावाने, दोन उलट्या तिरक्या रेघांनी सुरू होणारा पत्ता द्या. आपल्या वनड्राइव्हच्या फोल्डरचा संगणकावरचा पत्ता दुसऱ्याच्या उपयोगाचा नसतो. जीमेलच्या पत्तापट्टीतली लिंक त्याच खात्यात उघडते, म्हणून मेल डाउनलोड करून ईएमएल फाइल ठेवा. मेल साध्या मजकुराच्या स्वरूपात जतन केला, तर जोडपत्रे गळून पडतात, आणि वादात बहुतेक वेळा जोडपत्रच लागते.

नोंदवही कोणाला पाठवायची असेल, तर मेलांचा फोल्डरही सोबत द्या, एच-१ त्यांच्या पत्त्याने बदलायला सांगा, आणि पाठवण्यापूर्वी पहिली, मधली व शेवटची लिंक दुसऱ्या संगणकावर स्वतः उघडून पाहा.