पुरातत्त्व आणि व्यावसायिक अर्थशास्त्र एकत्र शिकताना या चुका टाळा

ठाणे आणि नवी मुंबईतील जे विद्यार्थी पुरातत्त्वाबरोबर व्यावसायिक अर्थशास्त्रही शिकू पाहतात, त्यांना मार्गदर्शन करताना मला सातत्याने जाणवते की त्यांची खरी अडचण विषयांच्या काठिण्याची नसते. ते दोन्ही विषय दोन वेगळ्या वह्यांत ठेवतात आणि त्या वह्या एकमेकींसमोर कधी उघडतच नाहीत.

पहिली चूक प्रवेशाच्या वेळी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. परंतु दोन्ही अभ्यासक्रम प्रत्यक्ष वर्गातले असतील, तर त्यांच्या तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्या मुलाने सकाळी ठाण्यातले आणि दुपारी दक्षिण मुंबईतले महाविद्यालय धरले, तर वेळापत्रके जुळतात, पण मधला प्रवास कोणी हिशोबात घेतलेला नसतो. अशा वेळी दुसरी पदवी मान्यताप्राप्त दूरस्थ शिक्षणातून घेणे शहाणपणाचे ठरते. ब्रिटनमध्ये दोन विषयांची मिळून एकच पदवी घेता येते; मात्र ग्लासगो, एडिनबरा यांसारख्या स्कॉटलंडमधील जुन्या विद्यापीठांत कला शाखेच्या चार वर्षांच्या पहिल्या पदवीलाच एम. ए. म्हणतात, हे ठाऊक नसल्याने पालक तिला पदव्युत्तर समजतात आणि बारावीनंतरचा अर्ज राहून जातो.

अकरावीत गणित सोडलेल्यांनी पहिले सत्र सुरू होण्याआधीच अवकलन, प्रमाण विचलन आणि संभाव्यता यांची उजळणी करावी. ते श्रम दोन्हीकडे कामी येतात, कारण रेडिओकार्बन पद्धतीने काढलेल्या कालमापनापुढे लिहिलेली अधिक-उणे मर्यादा समजायलाही तेच संख्याशास्त्र लागते.

सर्वांत मोठी चूक पुराव्याच्या वाचनात होते, आणि तिच्यासाठी नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्याइतके चांगले उदाहरण माझ्यापाशी दुसरे नाही. क्षहरात घराण्यातील राजा नहपान याचा जावई उषवदात याने तेथील शिलालेखात 3000 कार्षापणांची (त्या काळच्या चांदीच्या नाण्यांची) कायम ठेव नोंदवली आहे: 2000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसाय-संघाकडे, शेकडा 1 व्याजाने आणि 1000 दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, अशी अटही त्यात आहे. विद्यार्थी बँकेच्या सवयीने हा दर वार्षिक धरतात. मग 2000 वर जेमतेम 20 कार्षापणे मिळतात, आणि लेण्यात वर्षावास (पावसाळ्यातील मुक्काम) करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी 12 देण्याची तरतूद पुरी होत नाही. दर मासिक धरला की वर्षाचे 240 होतात, आणि हिशोब नेमका बसतो. हे गणित वर्गात फळ्यावर मांडताना मला आजही आनंद होतो.

याच लेखावरून आणखी एक मोह होतो, तो म्हणजे कार्षापणाचे आजचे रुपये काढण्याचा. तसे करू नये; 35 कार्षापणांचा एक सुवर्ण (सोन्याचे नाणे), हे परिमाण लेखानेच दिले आहे, तेव्हा तुलना त्या काळातल्या त्या काळातच करावी. दोन श्रेणींचे दर वेगळे का, याचे कारण लेखात नाही. तेथे पाठ्यपुस्तकातील जोखमीचे सूत्र लावायचे असेल, तर ते अनुमान म्हणून स्पष्ट लिहावे.

नाण्यांच्या बाबतीतही तीच दक्षता हवी. नाशिकजवळ जोगळटेंभी येथे 1906 मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. यावरून सत्ताबदल समजतो, तथापि बाजारात किती पैसा फिरत होता हे समजत नाही, कारण साठा म्हणजे मुळात बाजारातून बाजूला काढून ठेवलेला पैसा.

काही जण या जोड पदवीतून पुरावस्तूंच्या व्यापाराची स्वप्ने पाहतात. पुरावस्तूंविषयीच्या 1972 च्या कायद्यानुसार परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. अर्थशास्त्राला वाव हवाच असेल, तर प्राचीन स्मारकांच्या कायद्यातील 2010 च्या दुरुस्तीने केंद्र संरक्षित स्मारकाभोवती ठरवलेल्या 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढील 200 मीटर नियंत्रित क्षेत्राचा जमिनीच्या किमतीवर होणारा परिणाम अभ्यासावा. अशा अभ्यासासाठी 1060 च्या सुमाराचे अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवमंदिर ठाण्याहून लोकलने गाठता येते. मात्र असा विषय घेताना दोन्ही विभागांच्या मार्गदर्शकांची लेखी संमती पहिल्याच महिन्यात मिळवावी, आणि क्षेत्रभेटी कोरड्या हंगामात, सत्र परीक्षेच्या तारखा पाहून ठरवाव्यात.