आडव्या वाऱ्यासाठी सायकलची चाकं : खिशाला परवडतील अशी

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या डोंगरावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा इथं दिवसचे दिवस पडत नाही. जळगाव–एरंडोल–पारोळा–धुळे हा रस्ता साधारण पूर्व-पश्चिम, त्यामुळे वारा तोंडावर नाहीतर पाठीशी. धुळ्याहून नरडाण्यावरून शिरपूरकडे निघालं की तोच वारा डाव्या अंगावर येतो. चाकं निवडायची ती या दुसऱ्या रस्त्याचा विचार करून. समोरच्या वाऱ्यावर चाकं बदलून फारसं काही हाती लागत नाही. वारा अडवतं ते मुख्यतः चालवणाऱ्याचं अंग. कोपरं वाकवून खाली झुकलं तर फुकटात जास्त फायदा होतो.

एकसारखा वाहणारा आडवा वारा सांभाळता येतो, सायकल त्याच्याकडे थोडी कलती ठेवली की झालं. घात करतो तो अचानक होणारा बदल. केळीच्या बागेभोवतीची शेवरी संपते आणि मोकळं वावर लागतं, किंवा शेजारून जाणारा ट्रक दोन सेकंद वारा अडवून पुढे निघून जातो, तिथं झटका बसतो. खोल रिमचं (टायरपासून आऱ्यांच्या दिशेनं जास्त उंच रिम असलेलं) चाक हा झटका पुढच्या कडेवर जास्त झेलतं, म्हणजे हँडल ज्या अक्षावर फिरतं त्याच्याही पुढे. त्यामुळे हँडल आपोआप वळतं. मागचं चाक वळत नाही आणि त्यावर वजनही जास्त असतं, म्हणून ते एवढा त्रास देत नाही.

तेव्हा पहिला नियम पुढच्या चाकाचा: रिमची खोली 25 ते 30 मिमी. वजनदार आणि सरावलेल्या माणसाला 35 चालेल. 50 मिमीचं पुढचं चाक कितीही स्वस्तात मिळालं तरी आपल्या रस्त्यांसाठी नको. मागे 10–15 मिमी जास्त खोल घेता येतं, पण पैसे मोजकेच असतील तर दोन्ही चाकं उथळ अॅल्युमिनियमची घ्या. स्वस्तातली खोल अॅल्युमिनियम रिम नुसती जड असते. रिमवर दाबणारा ब्रेक असेल तर वापरलेली कार्बन रिम टाळलेलीच बरी. लांब उतारावर ब्रेक धरून ठेवला की ती तापते, आणि आतली जुनी चीर बाहेरून दिसत नाही.

रुंदीकडे बहुतेकांचं लक्षच जात नाही. 28 मिमीच्या टायरला रिमची आतली रुंदी 19 ते 21 मिमी हवी. 15 मिमीच्या जुन्या रिमवर तोच टायर फुग्यासारखा बाहेर येतो आणि वळणावर डुलतो. रिम डबल वॉलचीच, म्हणजे दुहेरी भिंतीची, घ्या. आरे पुढे 28, मागे 32. खड्डे आणि ओझं दोन्ही असेल तर दोन्हीकडे 32. कमी आऱ्यांचं चाक देखणं दिसतं, पण एक आरा तुटला की रिम लगेच ब्रेकला घासू लागते.

आता मापं, कारण पैसे सगळ्यात जास्त इथंच वाया जातात. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा. रोड आणि हायब्रिड सायकलींवर तो बहुधा 622 असतो (टायर रिमवर बसतो तिथला व्यास, मिमीमध्ये). जुन्या काळ्या सायकलीचं ‘अठ्ठावीस इंची’ चाक 635 चं असतं, त्याचा टायर 622 च्या रिमवर बसत नाही. मागच्या दोन फाट्यांमधलं अंतर मोजा: रिम ब्रेकच्या रोड सायकलीला 130 मिमी, क्विक रिलीजच्या (खटक्यानं चाक सुटणाऱ्या) डिस्क ब्रेकच्या सायकलीला 135, आरपार एक्सलच्या (हबमधून जाऊन फ्रेममध्ये आवळला जाणारा दांडा) रोड सायकलीला 142. ब्रेकची डिस्क सहा बोल्टांची की मधल्या खाचांवर बसणारी, हेही पाहून घ्या. अकरा गिअरच्या रोड फ्रीहबवर (मागच्या हबचा कॅसेट चढवायचा भाग) आठ-नऊ गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच) बसवायची असेल तर मागे 1.85 मिमीची चकती लागते, नाहीतर कॅसेट खुळखुळते. स्वस्त सायकलींना कॅसेटऐवजी हबच्या आट्यांवर फिरवून बसवायचं फ्रीव्हील असतं. त्याला फ्रीहबचं चाक घेतलं तर कॅसेटही नवी घ्यावी लागते.

व्हॉल्वचं भोक बारीक व्हॉल्वला 6.5 मिमी, जाडला 8.5. मोठ्या भोकात बारीक व्हॉल्व हलत राहतो आणि ट्यूब मुळाशी फाटते. रिमची पट्टी आतल्या कडेपासून कडेपर्यंत पुरली पाहिजे. आऱ्याचं भोक उघडं राहिलं तर ट्यूब तिथंच फुटते, आणि दोष मात्र बाभळीच्या काट्यावर जातो.

दुकानातच चाक फिरवून पाहा. ब्रेक पॅड आणि रिममधली फट अर्ध्या मिमीपेक्षा जास्त कमी-जास्त होत असेल तर आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढूनच घ्या. एका बाजूचे आरे बोटानं छेडले की आवाज साधारण सारखा यावा. एखादा बद्द वाजला तर तो ढिला. नवं चाक 150–200 किलोमीटर चालल्यावर आरे पुन्हा बसवून घ्यावे लागतात, त्याची मजुरी खरेदीच्या वेळीच ठरवून ठेवा. आणि पहिली फेरी सकाळी लवकर, वारा त्यातल्या त्यात कमी असताना, हायवे सोडून मारा.