ल्यूटच्या तारांमधले अंतर ठरवताना

ल्यूट (युरोपातील एक जुने तंतुवाद्य) विकत घेण्यापूर्वी किंवा कारागिराकडून बनवून घेण्यापूर्वी तारांमधील अंतराचा विचार ब्रिजपासून सुरू करावा, कारण ब्रिज, म्हणजे तारांची खालची टोके जिला बांधतात ती पट्टी, वाद्याच्या तबलीला (वरच्या पातळ लाकडी फळीला) चिकटवलेला असतो आणि त्यातील छिद्रे एकदा पडली की ती हलवणे जिकिरीचे होते. वरच्या टोकाचा नट (तारा जिच्या खाचांतून जातात ती छोटी पट्टी) मात्र बदलता येतो. ल्यूटवर तारा बहुधा जोडीने असतात (सहा जोड्यांच्या वाद्यावर पहिली तार सहसा एकटी, म्हणजे एकूण 11 तारा), त्यामुळे दोन अंतरे वेगळी तपासावी लागतात. जोडीतील दोन तारा इतक्या जवळ हव्यात की अंगठा किंवा बोट दोन्हींना एकाच फटक्यात छेडू शकेल, पण इतक्या जवळ नकोत की कंप पावताना त्या एकमेकींवर आपटून खरखरतील. दोन जोड्यांमधील मोकळी जागा उजव्या हाताच्या बोटांना शिरण्यापुरती हवी. ही जागा तारांच्या मध्यापासून मोजण्याऐवजी कडेपासून कडेपर्यंत मोजावी, कारण खर्जाच्या तारा जाड असतात आणि मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर समान ठेवल्यास तिथे दाटी होते.

आपल्याला सोयीचे वाटलेले एखादे वाद्य हाती आल्यास कागदाची पट्टी तारांखाली सरकवून प्रत्येक तारेची खूण करून घ्यावी. कारागिराला आकड्यांपेक्षा हीच पट्टी अधिक उपयोगी पडते. नटाकडे डाव्या बोटांचे टोक शेजारच्या जोडीला लागत असेल, तर आधी नटाच्या खाचा तपासाव्यात.