व्हिएन्नाची परिषद आणि उरलेले तास

फेब्रुवारी-मार्च उजाडला की ओळखीतल्या पीएचडीच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. परिषदेसाठी पाठवलेलं ॲबस्ट्रॅक्ट (संशोधनाचा सारांश) स्वीकारलं गेलंय, व्हिएन्नाला निघालोय, काय काय बघू? उत्तराची वाट न बघता पुढची यादीही तयार असते: साल्झबुर्ग, हालश्टाट, जमलं तर बुडापेस्ट. "एवढा खर्च करून चाललोच आहोत तर..." हे त्यामागचं तत्त्वज्ञान. माझं मत विचाराल तर परिषदेच्या आठवड्यात साल्झबुर्गचं नाव काढू नका. जाता-येता पाच तास रेल्वेत, तिथे घाईघाईत फोटो, आणि दुसऱ्या दिवशी आपल्या संशोधनाच्या पोस्टरसमोर जांभया. फिरायचंच असेल तर व्हिएन्ना फिरा. तेही आपल्या विषयाचं बोट धरून फिरलात तर आठवडा पुरत नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: युरोपीय भूविज्ञान संघाची, म्हणजे ईजीयूची, सर्वसाधारण सभा कोविडची ऑनलाइन वर्षं सोडली तर २००५ पासून व्हिएन्नातच भरते. एप्रिल किंवा मेची सुरुवात, सोमवार ते शुक्रवार, अठरा हजारांच्या आसपास माणसं. भूकंप, हवामान, हिमनद्या, माती, ग्रह, आणि आमचं जलविज्ञान. जागा ऑस्ट्रिया सेंटर, डॅन्यूबच्या पलीकडे, संयुक्त राष्ट्रांच्या इमारतींना खेटून. मेट्रोची यू१ ही लाल मार्गिका तिथे थांबते आणि सहाव्या स्टेशनावर तुम्ही थेट स्टेफान्सप्लाट्झला, म्हणजे जुन्या शहराच्या मध्यावर असता. ही एक मार्गिका पाठ केलीत तरी निम्मं शहर हातात येतं. त्यामुळे परिषदेच्या दारातलंच महागडं हॉटेल हवं असा हट्ट नको. यू१ वरच दक्षिणेला केप्लरप्लाट्झ किंवा रॉयमानप्लाट्झच्या बाजूला बघा, साधी वस्ती आहे, सोय चांगली आहे.

व्हिसाबद्दल थोडक्यात. परिषदेनंतर दोन दिवस राहायचं असेल तर ते अर्जातच दाखवा, हॉटेलचं बुकिंग आणि विमा त्या दिवसांसकट जोडा. शेंगेन व्हिसासाठीच्या विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरो लागतं. सरकारी संस्थेत असाल तर ते दोन दिवस ड्युटीत धरले जात नाहीत. परदेशात रजा घेण्याची परवानगी वेगळी काढावी लागते आणि ती फाइल आपल्याकडे कशी चालते ते मी सांगायला नको. आधी ती सुरू करा, मग स्लाइड्स.

बहुतेक जण रविवारी पोहोचतात, कारण त्या संध्याकाळी स्वागताचा कार्यक्रम असतो. रविवारी ऑस्ट्रियात किराणा आणि सुपरमार्केट बंद. मोठ्या रेल्वे स्टेशनांतली दुकानं तेवढी उघडी असतात. विमानतळावरून एस७ लोकलने आलात तर विएन मिट्टे स्टेशनावरच दूध, ब्रेड, फळं घेऊन पुढे निघा. त्याच विमानतळावरून जाणारी खास एक्स्प्रेस काही मिनिटं वाचवते आणि पैसे मात्र बरेच जास्त घेते. तिकिटाला मेट्रोत फाटक नाही, कोणी अडवत नाही, म्हणून निर्धास्त होऊ नका. साध्या कपड्यातले तपासनीस कधीही डब्यात चढतात आणि दंड शंभर युरोंच्या वर आहे. आधीच शिक्का नसलेलं कागदी तिकीट निळ्या यंत्रात शिक्का मारल्याशिवाय ग्राह्य नसतं.

घरून खाऊ न्यायचा तर चिवडा, चकली, चटण्या न्या. दुधाचे पदार्थ बाहेरून युरोपीय संघात आणायला बंदी आहे, तेव्हा आईने कितीही आग्रह केला तरी पेढे-बर्फी घरीच राहू द्या.

आता वेळेचं. कार्यक्रमपत्रिका उघडली की भोवळ येते. एकाच वेळी कित्येक सभागृहांत सत्रं चालू, आणि नवख्या माणसाला वाटतं की सगळीकडे बसलं पाहिजे. तसं कुणीच बसत नाही. आधीच बसून तीन रंग ठरवा: चुकवायचं नाही ते, जमल्यास बघू ते, आणि सोडून देऊ ते. तिसऱ्या रंगाचा तुकडा सलग दोन-तीन तासांचा निघाला की तो शहराचा. दोन भाषणांच्या मध्ये चोरून काढलेला पाऊण तास कामाचा नाही, त्यात ना भाषण पदरात पडतं ना शहर. आपलं पोस्टर असेल तो पूर्ण दिवस मात्र शहराला हात लावू नका. (पोस्टरचे बोर्ड इथे आडवे असतात. भारतातून उभी पोस्टरं घेऊन आलेली मुलं दरवर्षी दिसतात. मापं सूचनांमध्ये दिलेली असतात, छापण्याआधी वाचा.)

आपल्याला मिळणारा खरा बोनस पहाटेचा. उन्हाळी वेळेत आपण साडेतीन तास पुढे, म्हणजे पहिले दोन-तीन दिवस पहाटे चारलाच टक्क जाग येते. सत्रं साडेआठला सुरू होतात. सहाला यू१ पकडून परिषदेच्या आधीच्या स्टेशनावर, डोनाउइन्झेलला उतरा. स्टेशन पुलावरच आहे, खाली बेट. जलविज्ञानवाल्यांनी तरी हे चुकवू नये.

हे बेट निसर्गाने केलेलं नाही. १८७० ते १८७५ दरम्यान डॅन्यूबला सरळ, आखीव पात्रात बसवलं, तरी पूर येत राहिले. १९५४ चा पूर मोठा होता. मग १९७२ पासून मुख्य नदीला समांतर दुसरं पात्र, नवी डॅन्यूब, खणायला घेतलं आणि निघालेल्या मातीचं हे २१ किलोमीटर लांबीचं चिंचोळं बेट केलं. काम १९८८ पर्यंत चाललं. एरवी नवी डॅन्यूब दारं बंद करून तळ्यासारखी ठेवतात, लोक पोहतात, होड्या वल्हवतात. पूर आला की वरची दारं उघडायची. दोन्ही पात्रं मिळून सेकंदाला १४,००० घनमीटर पाणी जाईल असा हिशेब आहे. २०१३ च्या जूनमध्ये ११,००० च्या आसपास पाणी आलं होतं आणि शहर वाचलं. काठाच्या सायकलवाटेवर उभं राहून एका बाजूला वेगाने जाणारी मातकट नदी आणि दुसऱ्या बाजूला निश्चल हिरवट पाणी बघताना, पुण्यात आपण पुराच्या निळ्या रेषेवरून काय काय वाद घालतो ते आठवल्याशिवाय राहत नाही. इथे पूररेषेच्या आत जॉगिंग ट्रॅक आहे, बाकं आहेत, बार्बेक्यूच्या जागा आहेत. सोसायट्या नाहीत.

आणि पाणी नळाचं प्या. बाटल्या विकत घेणारे भारतीय दिसले की मला राहवत नाही. व्हिएन्नाच्या नळाला आल्प्सच्या झऱ्यांचं पाणी येतं, आणि त्यामागे एक भूवैज्ञानिक आहे. एडुआर्ट झ्यूस. चंद्रपूर-वणीच्या कोळशाच्या थरांतली ग्लॉसोप्टेरिस या लुप्त वनस्पतीची पानं आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेतही सापडतात यावरून गोंडवाना खंडाची कल्पना मांडणारा तोच हा माणूस. १८६२ मध्ये त्याने व्हिएन्नाच्या जमिनीवर पुस्तक लिहिलं. शहर तेव्हा मुख्यतः विहिरींवर होतं आणि सांडपाणी त्याच भूजलात मुरत होतं. पुढच्या वर्षी गृहस्थ नगरपरिषदेत निवडून गेला आणि दूरच्या डोंगरातलं झऱ्याचं पाणी आणण्याच्या मागे लागला. नव्वदहून अधिक किलोमीटरची ती वाहिनी १८७३ मध्ये सुरू झाली, निव्वळ उतारावर, पंपाशिवाय. त्या प्रसंगी उडवलेलं कारंजं श्वार्त्सेनबेर्गप्लाट्झला आजही आहे, आणि त्याच चौकात झ्यूसचा पुतळाही. पर्यटक समोरच्या सोव्हिएत स्मारकाचे फोटो काढून निघून जातात. तुम्ही तिथे बाटली भरून थोडा वेळ थांबा.

त्याच चौकातून ७१ नंबरची ट्राम मध्यवर्ती दफनभूमीला जाते. बेटहोफेन, शूबर्ट, ब्राम्स हे संगीतकार एकाच कोपऱ्यात आहेत, तिथे गर्दी असते. थोडं पुढे भौतिकशास्त्रज्ञ लुडविग बोल्ट्झमान. त्याच्या अर्धपुतळ्याच्या वर एन्ट्रॉपीचं समीकरण कोरलंय, बाकी काही वर्णन नाही. भौतिकशास्त्र शिकलेल्या कोणालाही हा दगड बघून बरं वाटेल.

संग्रहालयांच्या वेळांचा अभ्यास मात्र करा, कारण सत्रं संपेपर्यंत बहुतेक बंद होतात. निसर्गविज्ञानाचं संग्रहालय मंगळवारी बंद, बुधवारी उशिरापर्यंत उघडं. समोरचं कलासंग्रहालय गुरुवारी रात्री नऊपर्यंत. निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर पुन्हा एकदा खात्री करा. निसर्गविज्ञानात सगळे विलेनडॉर्फच्या चिमुकल्या अश्मयुगीन मूर्तीकडे धावतात, ती जेमतेम अकरा सेंटिमीटरची आहे. मी म्हणेन, उल्कापाषाणांच्या दालनात जास्त वेळ घालवा.

ऑपेरा परवडत नाही हा गैरसमज. सरकारी ऑपेरागृहात उभ्याने बघायची तिकिटं असतात, बसायच्या तिकिटांच्या मानाने अगदीच किरकोळ. आत गेलं की आपली जागा पकडून समोरच्या कठड्याला स्कार्फ बांधायचा, मग खुशाल बाहेर चहा-कॉफी घेऊन या, जागेला कोणी हात लावत नाही. ओढणीही चालते. प्रत्येक जागेसमोर छोटा पडदा असतो, त्यावर इंग्रजी भाषांतर. बॅग आणि पोस्टरची नळी क्लोकरूमला. पाय दुखले तर मध्यंतरात निघा, वाईट वाटून घेऊ नका.

शाकाहाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना: रस्त्यावरच्या टपरीवर केझेक्राइनर नावाचा प्रकार मिळतो. नावात चीज आहे म्हणून आमच्यातले दोघे-तिघे सरसावले होते. आत चीज असतं खरं, पण ते डुकराच्या मांसाच्या सॉसेजच्या आत. अंडं चालत असेल तर केझेश्पेट्झले (चीज घातलेले अंड्याच्या पिठाचे नूडल्स) किंवा कायझरश्मार्न (गोड पॅनकेकचे तुकडे) मागवा, एका ताटात पोट भरतं. फलाफल नाशमार्क्टच्या बाजारात हवं तेवढं. कॉफीहाऊसमध्ये एक मेलांज (दुधाची कॉफी) मागवली की सोबत पाण्याचा पेला येतो आणि मग दोन तास लॅपटॉप उघडून बसलात तरी कोणी बिल आणून ठेवत नाही. दुसऱ्या दिवशीचं भाषण तिथे बसून पक्कं करा.

राहिली सोबत. संध्याकाळी सगळे भारतीय मिळून भारतीय हॉटेल शोधायचं, हा आपला आवडता कार्यक्रम. एक दिवस ठीक. बाकीचे दिवस पोस्टरसमोर ज्यांच्याशी वीस मिनिटं बोलणं झालं त्यांना विचारा, बेटावर चालायला येता का. एप्रिलअखेर आठपर्यंत उजेड असतो. मोठ्या प्राध्यापकाला "सर, पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) आहे का" असं सभागृहाच्या दारात विचारण्यापेक्षा नदीकाठी त्यांच्या कामाबद्दल विचारणं सोपं जातं, आणि माणसं नाही म्हणत नाहीत. त्यांनाही त्या काचेच्या इमारतीतून बाहेर पडायचंच असतं. निघताना ईमेल मात्र तिथल्या तिथे मागून घ्या.

परत आल्यावर आठवड्याच्या आत टीए, म्हणजे प्रवासभत्त्याचं, बिल भरा. बोर्डिंग पास, हजेरीचं प्रमाणपत्र, नोंदणीची पावती लागते. मेट्रोची तिकिटंही पाकिटात ठेवा. विमानाचं तिकीट सरकारने ठरवून दिलेल्या एजंटांकडूनच काढलेलं असावं लागतं, हे लेखा विभाग बिल परत पाठवताना सांगतो, आधी नाही.